पाण्याची सवय होत नाही

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. कोल्हापुरात हे दोन आकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. जुलै लागला की मोबाईलवर दिवसभर पाणीपातळी येत राहते. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले तेही येतं, आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं हे सांगायला कुणी इंजिनिअर लागत नाही. २००५ चा पूर झाला. २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ मध्ये पुन्हा ५० फूट ओलांडले, २०२४ मध्ये पुन्हा धोका पातळी मागे पडली. प्रयाग चिखलीपासून खिद्रापूरपर्यंत कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: “आम्हाला पुराची सवय हाय.”

हे वाक्य धीराचं आहे, पण शरीराच्या दृष्टीनं ते खरं नाही.

मेंदूला सवय होते ती वारंवार घडणाऱ्या, पण इजा न करणाऱ्या गोष्टीची. रुळाजवळ राहणाऱ्याला रेल्वेचा आवाज ऐकू येईनासा होतो, कारण रेल्वे घरात शिरत नाही. पाणी शिरतं. इजा करणारी गोष्ट पुन्हा पुन्हा घडली की मेंदू बधिर होण्याऐवजी जास्त हळवा होतो. अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याच्या आसपासच्या साध्या खुणाही धोक्याबरोबर बांधून ठेवतो. पत्र्यावर रात्रभर वाजणारा पाऊस, ओल्या गाळाचा वास, पाणीपातळीच्या मेसेजचा टोन. पुढच्या वर्षी यातली एक खूण पुरते. छातीत धडधड सुरू होते, हातपाय गळतात, तीन वाजता जाग येते आणि माणूस उठून दाराबाहेर बघून येतो. नदी तेव्हा २५ फुटांवरही असू शकते.

म्हणून पहिल्या पुरापेक्षा तिसरा पूर मनाला सोपा जाईल असं धरून चालणं चूक आहे. दोन पुरांच्या मध्ये माणूस पूर्ण सावरला का, यावर सगळं अवलंबून असतं. सावरायला तीन वर्षं लागणार आणि पाणी दोन वर्षांत येणार असेल, तर दुसरा पूर पहिल्याच्या अर्धवट भरलेल्या जखमेवर येतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते घाटाखाली, किनाऱ्यावर. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, आणि त्याच पावसानं घाटाच्या या बाजूला पंचगंगा फुगवली. कोकणाच्या वाट्याला चौदा महिन्यांच्या आत तीन आपत्ती आल्या. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे वादळ एका दुपारचं असलं तरी वाडीवाल्याचं नुकसान सहा-सात वर्षांचं, आणि त्यातल्या प्रत्येक पावसाळ्यात त्याला आभाळाकडे बघावं लागतं.

मच्छीमाराचं गणित आणखी घट्ट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्यामुळे मे महिना हा त्यांच्या हंगामाचा शेवटचा आधार, आणि ‘तौक्ते’ नेमकं मेच्या मध्यात आलं. वादळ किनाऱ्याला लागलं नाही तरी इशारा आला की बोट जेट्टीला बांधावी लागते. भरलेलं डिझेल, घेतलेला बर्फ, खलाशांची उचल तशीच राहते. इशारा न मानण्यामागे अज्ञान असतं असा एक समज शहरात आहे. तो अन्यायाचा आहे. जिवाची भीती आणि हप्त्याची भीती या दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी तोलाव्या लागतात, आणि हा सततचा ताण स्वतःच आजार घडवतो. अरबी समुद्र तापतो आहे, तिथली चक्रीवादळं गेल्या चार दशकांत वाढली आहेत. तेव्हा हे तोलणं कमी होण्याची चिन्हं नाहीत.

स्टीव्हन हॉबफॉल या मानसशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये मांडलेला सिद्धान्त इथे लागू पडतो. ताण हा मुळात संसाधनं गमावण्यातून येतो, आणि ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्याचं एक नुकसान पुढच्या नुकसानाला बोलावतं. घरात चार फूट पाणी सगळ्यांच्याच येतं. पण पक्कं घर, बँकेत शिल्लक आणि पुण्यात भाऊ असलेला माणूस गाळ काढून महिन्यात कामाला लागतो. भाड्याच्या खोलीतल्या शेतमजूर बाईची भांडी, रेशन, पोरांची दप्तरं जातात. घर तिच्या नावावर नाही म्हणून पंचनाम्यात तिचं नाव शोधावं लागतं. शेतं पाण्याखाली म्हणून मजुरी बंद. मग बचत गटाचा हप्ता चुकतो आणि गटातल्या बायकांना तोंड दाखवणं नकोसं होतं. शेवटचं नुकसान सगळ्यात महाग, कारण सावरायला लागतात तीच माणसं यात तुटतात.

कोल्हापूरच्या शेतात नुकसान उशिरा उगवतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टची आणि तोड सोळा-अठरा महिन्यांनी. पुरात शेंड्यापर्यंत पाणी चढून शेंड्याच्या सुरळीमध्ये गाळ बसला की वाढीचा कोंब कुजतो. पाणी ओसरल्यावर रान लांबून हिरवं दिसतं, पण वजन गेलेलं असतं. सोसायटीचं पीककर्ज मात्र तारखेला उभं राहतं. दूध संकलन थांबलं की घरात येणारा रोखीचा ओघही आटतो. त्यामुळे मन ढासळण्याची वेळ ऑगस्टमध्ये येईलच असं नाही. पुरानंतरच्या पहिल्या महिन्यात मदतीचे ट्रक असतात, तालीम मंडळांची पोरं असतात, गाव एक झालेलं असतं. गणपती येऊन जातात. ट्रक थांबतात, अनुदानाच्या याद्यांवरून भांडणं लागतात, आणि दिवाळीच्या तोंडावर माणूस एकटा पडतो. मानसिक मदतीची शिबिरं मात्र बहुतेक वेळा पहिल्या पंधरवड्यात होऊन संपलेली असतात. हे वेळापत्रक उलटं आहे, आणि ते बदलणं अवघड नाही.

आता काळाप्रमाणे काय करायचं ते.

पहिल्या काही दिवसांत रडू येणं, सुन्न होणं, झोप उडणं, पाण्याचीच स्वप्नं पडणं हे आजार नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे आपत्तीत सापडलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मानसिक त्रास होतो आणि बहुतेकांचा काळाबरोबर कमी होतो. या टप्प्यात दोन चुका नेहमी होतात. पहिली, निवारा केंद्रात लोकांना गोल बसवून “काय काय झालं ते सगळं सांगा” असं म्हणणं. मन मोकळं होतं म्हणून हे चांगलं वाटतं, पण एका बैठकीत आघाताची उजळणी करून घेण्याच्या या पद्धतीचा अभ्यासांत फायदा दिसला नाही, आणि काहींना उलट त्रासच झाला. दुसरी चूक झोपेच्या गोळ्यांची. डायझेपामसारख्या गोळ्या पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१३ चं मार्गदर्शन आहे.

त्याऐवजी तीन कामं: बघा, ऐका, जोडा. कोण थरथरतंय, कोण एकटं बसलंय, कुणाचं माणूस सापडत नाही ते बघा. शेजारी बसा, बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर उकरू नका. आणि गरजेशी जोडा: चार्जिंग, औषध, हरवलेल्या नातेवाइकाचा फोन, जनावरं कुठल्या छावणीत आहेत याची खात्रीची बातमी. शिरोळ तालुक्यात म्हशी सोडून न निघणाऱ्या माणसाला हट्टी म्हणू नये. गोठा रिकामा झाल्याशिवाय त्याचं मन हलत नाही, म्हणून जनावरांची सोय आधी सांगितली की माणूस लवकर निघतो.

छावणीत एक गोष्ट हमखास चुकते. रोज दारू पिणाऱ्याची दारू पुरामुळे अचानक बंद होते. पहिल्या ते चौथ्या दिवसात त्याला थरथर सुटते, घाम येतो, नसलेली माणसं दिसतात, कधी फिट येते. घरचे म्हणतात पुराचा धक्का बसला. तो दारू सुटल्याचा विकार असतो, त्यात जीव जाऊ शकतो आणि त्याला ताबडतोब दवाखाना लागतो. इथे मात्र डॉक्टर डायझेपामच्या गटातलीच औषधं देतात, ती वेगळ्या कारणासाठी. तसंच फिटचं किंवा मनोविकाराचं औषध एकदम तुटलं तर आजार उसळतो. लिथियम हे मनोविकाराचं औषध घेणाऱ्याला जुलाब-उलट्या झाल्या तर शरीरातलं पाणी कमी होऊन रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात कापायला लागले, चाल लडबडली, बोबडी वळली की दवाखान्यात न्यायला थांबू नये. जून लागायच्या आधीच पंधरा दिवसांची औषधं आणि चिठ्ठीचा फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा, आधार कार्ड आणि सातबाऱ्याच्या शेजारी.

महिना उलटल्यावर चित्र बदलतं. पुराची दृश्यं आपोआप समोर येणं, नदीकडचा रस्ता टाळणं, सगळ्यातून मन उठणं, बारीक आवाजाला दचकणं हे चारही प्रकार महिनाभरानंतर टिकून असतील आणि कामधंदा अडत असेल तर ते पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार, असू शकतं. त्याच्याइतकीच ओळखायला हवी ती उदासी. गावात “मला डिप्रेशन आलंय” असं कुणी म्हणत नाही. डोकं जड झालंय, अंगात ताकद नाही, जेवण जात नाही असं म्हणतात आणि सलाईन लावून घेतात. त्यामुळे आशाताईंनी दोन साधे प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? आणि खिन्न, निराश वाटलं, असं किती दिवस झालं? निम्म्याहून जास्त दिवस असं उत्तर आलं की पुढची तपासणी हवी. मरणाचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारावं. विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो ही भीती खोटी आहे. शेतकऱ्याच्या घरात तणनाशक-कीटकनाशकाचे डबे कुलपात, शक्यतो घराबाहेर ठेवावेत. टोकाचा क्षण अनेकदा थोडाच वेळ टिकतो आणि तेवढ्यात हाताशी विष नसणं जीव वाचवतं. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

लहान मुलं बोलत नाहीत, वागतात. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, आई न्हाणीत गेली तरी पोर दारात बसतं, वहीच्या कागदाच्या होड्या करून पुन्हा पुन्हा बुडवतं. खेळाला रागावू नये. त्याच खेळात एक होडी वाचवून दाखवावी. शाळा लवकर सुरू होणं हा त्यांच्यासाठी मोठा उपचार आहे, मग ती देवळाच्या ओवरीत भरली तरी चालेल.

मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला पुरत नाहीत, म्हणून साध्या माणसांना शिकवून करता येणारे उपाय महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ ही पद्धत पाच बैठकांची, प्रत्येकी ९० मिनिटांची. पाकिस्तानात पेशावरला ती तपासली गेली आणि उपयोगी ठरली. तिच्यात चार गोष्टी आहेत. पोटातून सावकाश श्वास: तीन मोजत आत, तीन मोजत बाहेर. दुसरी, अडचणींची यादी करून सुटू शकणाऱ्या आणि न सुटणाऱ्या वेगळ्या काढणं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग माझ्या हातात नाही. पंचनाम्याची प्रत तलाठ्याकडून आणणं आहे. तिसरी, सुटलेलं काम तुकड्यानं पुन्हा धरणं. गोठा झाडायचा झाला तर आज एकच कोपरा. चौथी, कुणाकडे काय मागायचं ते ठरवून तुटलेली माणसं जोडणं. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमानं गावातल्याच स्वयंसेवकांकडून असं काम करून घेतलं आहे, त्यामुळे हे आपल्याकडे जमणार नाही असं म्हणायला जागा नाही.

या सगळ्याच्या मुळाशी मेंदूची एक खोड आहे. स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिग्मन यांनी १९६७ मध्ये दाखवलं की न टाळता येणारा त्रास सोसलेला प्राणी पुढे टाळता येणारा त्रासही निमूट सोसतो. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यांनी स्वतःच आपलं स्पष्टीकरण उलटवलं. हतबलता शिकली जात नाही, ती मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काही आहे’ हे. नृसिंहवाडीत कृष्णेचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं तेव्हा त्याच पाण्यात लोक आनंदानं स्नान करतात. कधी येणार, कुठवर येणार, आपण काय करायचं, हे तिथे ठाऊक असतं.

ओडिशानं हे मोठ्या प्रमाणावर केलं. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले होते आणि मृत्यू पन्नासाच्या आत राहिले. मधल्या वर्षांत निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, रंगीत तालमी झाल्या. रंगीत तालमीत पाय वाट शिकतात आणि मेंदू ‘काय करायचं ते मला येतं’ हे शिकतो. कोल्हापुरात मे महिन्यात गल्लीवार अशी तालीम घेता येते. ३५ फुटांना कागदपत्रं आणि औषधं वर. ३९ ला म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि जनावरं बाहेर. ४३ ची वाट बघायचीच नाही. प्रत्येक गल्लीचे आकडे तिच्या उंचीप्रमाणे बदलतील. ते भिंतीवरच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या रेघा बघून बसवायचे. या रंगीत तालमीच्या वहीत प्रत्येक आकड्यासमोर एका माणसाचं नाव लिहायचं, आणि त्याच वहीच्या शेवटच्या पानावर दिवाळीआधी ज्यांच्या घरी जाऊन बसायचं त्यांची यादी.