कापूस फवारणीतील विषबाधा

कपाशीवर कीटकनाशक फवारताना ते त्वचेतून, श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात जाऊन होणारी विषबाधा. जाणूनबुजून विष घेण्याचे प्रकार यात धरले जात नाहीत. हा प्रश्न नवा नाही, पण महाराष्ट्राने त्याची खरी दखल घेतली ती २०१७ मध्ये. त्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीमुळे २० हून अधिक माणसे दगावली आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पश्चिम विदर्भातल्या इतर जिल्ह्यांतही असे रुग्ण आढळले. मृत आणि बाधितांमध्ये शेतमजूर मोठ्या संख्येने होते.

भारतात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारक ठरणारे जनुक घातलेल्या कापसाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली. बोंडअळीवरच्या फवारण्या कमी होतील ही अपेक्षा होती आणि पहिली काही वर्षे ती खरीही ठरली. मात्र बीटीचा मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर परिणाम होत नाही. पुढे गुलाबी बोंडअळीही बीटीला जुमानेनाशी झाली आणि फवारा पुन्हा वाढला. २०१७ मध्ये पऱ्हाटी (कपाशीची झाडे) अनेक ठिकाणी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढून दाटली होती. अशा पिकात नळी वर धरून फवारावे लागते. तुषार तोंडावर, छातीवर येतात आणि ओल्या पानांतून चालताना कपडे भिजून अंगाला चिकटतात. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपांचे तुषार अधिक बारीक असल्याने ते श्वासातही सहज जातात.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराचे (एन्झाइमचे) काम थांबवतात. नसांकडून स्नायूंना व ग्रंथींना जाणारा संदेश मग थांबतच नाही. घाम, लाळ, मळमळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, अंधुक दिसणे, स्नायू फडफडणे आणि शेवटी श्वास अडणे अशी लक्षणे दिसतात. ॲट्रोपिन हा यावरचा मुख्य उतारा. डायफेन्थियुरॉनसारख्या वेगळ्या गटातील कीटकनाशकाला खास उतारा नाही. कृषी केंद्राच्या, म्हणजे कीटकनाशके विकणाऱ्या दुकानाच्या, सल्ल्याने दोन-तीन औषधे (कीटकनाशके) एकाच टाकीत मिसळलेली असली, की डॉक्टरपुढे नेमके काय आले आहे हेच कळत नाही. विकराची पातळी दाखवणारी रक्ततपासणी तेव्हा यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात होत नव्हती.

घटनेनंतर सर्वाधिक बोलले गेले ते हातमोजे, मास्क आणि गॉगल यांच्याविषयी. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. भाद्रपदातल्या दमट उन्हात पाठीवर १५-१६ लिटरचा पंप घेऊन ही साधने अंगावर ठेवणे फार वेळ जमत नाही. शिवाय औषध विकत घेणारा एक आणि पंप उचलणारा दुसरा असतो. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण औषधाची जहालता सांगतो, पण मजुराच्या हाती बरेचदा कालवून तयार असलेली बादलीच येते. फवारणीसाठीचे पाणी वाहून आणण्याचे काम बायकांकडे असते. त्यांची गणना फवारणी करणाऱ्यांत होत नाही. नोझल चोंदले की तोंडाने फुंकायचे, मध्येच त्याच हाताने खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) काढून तोंडात टाकायचा, असे चालते. मजुरी कुठे रोजाने, कुठे पंपामागे मिळते. पंपावर मोजली तर चक्कर आल्यावरही थांबणे परवडत नाही.

कायद्याची तऱ्हा अशी, की हाच कापूस जिनिंगमध्ये (सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) पोहोचला की तिथल्या कामगाराला नोव्हेंबर २०२५ पर्यंत कारखाने अधिनियम, १९४८ लागू होत असे. शेतातल्या मजुराला तो कधीच लागू नव्हता. कर्मचारी राज्य विमा योजनेतही शेतमजूर नाही. त्याच्या वाट्याला येतो तो कीटकनाशक अधिनियम, १९६८, आणि त्याचा भर नोंदणी, उत्पादन व विक्रीवर आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने विशेष चौकशी पथक नेमले, मृतांच्या वारसांना २ लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि पुढे काही कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात ६० दिवसांची तात्पुरती बंदी घातली. प्रकरण तिथेच थांबले नाही. २०२१ मध्ये यवतमाळच्या दोन मृतांच्या पत्नी आणि एक बाधित शेतकरी यांनी सिन्जेंटा या स्विस कीटकनाशक कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधील बासेलच्या न्यायालयात भरपाईचा दावा दाखल केला. डायफेन्थियुरॉनयुक्त 'पोलो' या उत्पादनावर हा दावा आधारलेला आहे. आपल्या उत्पादनामुळे ही विषबाधा झाल्याचे कंपनीला मान्य नाही.