रायगड जिल्हा आणि रायगड लोकसभा: नाव एक, हद्दी दोन

2024 च्या लोकसभा निवडणुकीत पेणला 7 मे रोजी मतदान झालं आणि शेजारच्या पनवेलला 13 मे रोजी. दोन्ही तालुके रायगड जिल्ह्यातलेच. मग बोटाला शाई लागायला सहा दिवसांचा फरक का? कारण पनवेल रायगड जिल्ह्यात असलं तरी रायगड लोकसभा मतदारसंघात नाही. ते मावळ मतदारसंघात आहे.

जिल्हा ही राज्य सरकारने कारभारासाठी ठरवलेली हद्द. पनवेल-उरणपासून पार पोलादपूरपर्यंतचे 15 तालुके रायगड जिल्ह्यात येतात आणि त्यांचे जिल्हाधिकारी अलिबागला बसतात. लोकसभा मतदारसंघाची हद्द मात्र परिसीमन आयोग लोकसंख्या पाहून आखतो. रायगड मतदारसंघात पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाड हे रायगड जिल्ह्यातले चार विधानसभा मतदारसंघ आहेत, आणि त्यांच्या जोडीला रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर. त्यामुळे दापोलीकरांचे जिल्हाधिकारी रत्नागिरीचे, पण खासदार रायगडचे.

असं का झालं, हे गणित मांडलं की लगेच कळतं. महाराष्ट्रात विधानसभेच्या 288 जागा आणि लोकसभेच्या 48, म्हणजे एका खासदारामागे सहा आमदार. रायगड जिल्ह्यात विधानसभेच्या 7 जागा, रत्नागिरीत 5, सिंधुदुर्गात 3, एकूण 15. त्यातून सहा-सहाचे दोन गट पाडले (रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग) की तीन जागा उरतात. तिकडे पुणे जिल्ह्यात 21 जागा. पुणे, बारामती आणि शिरूर असे तीन गट झाल्यावर तिथेही तीनच उरतात. घाटाखालच्या उरलेल्या तीन पनवेल, कर्जत, उरण. वरच्या मावळ, चिंचवड, पिंपरी. दोन्ही जोडल्या आणि मावळ मतदारसंघ तयार झाला. मध्ये अख्खा बोरघाट! गणित म्हणून हे चोख आहे, पण उरणचं बंदर आणि पिंपरीचे कारखाने यांचे प्रश्न एकाच खासदाराने मांडायचे, हे मला आजही पटत नाही.

नावाचा इतिहास तर आणखी गुंतागुंतीचा. पूर्वी जिल्हाही कुलाबा आणि मतदारसंघही कुलाबा. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख इथून लोकसभेत गेले. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, हे मराठी माणूस विसरलेला नाही. 1 जानेवारी 1981 पासून जिल्ह्याचं नाव रायगड झालं, मतदारसंघ मात्र कुलाबाच राहिला. अंतुले मुख्यमंत्री असताना जिल्ह्याला हे नाव मिळालं, पण तेच अंतुले 2004 मध्ये निवडून आले ते कुलाबा मतदारसंघातून. 2001 च्या जनगणनेवर आधारलेली नवी रचना 2008 मध्ये लागू झाली आणि 2009 च्या निवडणुकीत ‘रायगड’ हे मतदारसंघाचं नाव पहिल्यांदा मतदारांसमोर आलं. पण नाव जुळलं, त्याच वेळी हद्द जिल्ह्यापासून आणखी लांब गेली.

उलटंही घडतं. पालघर लोकसभा मतदारसंघ 2009 पासून आहे, पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी.

विधानसभेच्या बाबतीत असा घोळ सहसा होत नाही, कारण ते मतदारसंघ जिल्ह्याच्या हद्दीतच बसवलेले असतात. म्हणून सातबारा किंवा जातीचा दाखला अडला तर आपल्या तालुक्याचं तहसील कार्यालय आणि त्यावर जिल्हाधिकारी; रेल्वेचा थांबा किंवा खासदार निधीतलं काम हवं असेल तर आधी आपला विधानसभा मतदारसंघ कुठल्या लोकसभेला जोडलाय ते पाहायचं. कर्जतच्या माणसाने लोकल गाडीचं गाऱ्हाणं घेऊन रायगडच्या खासदाराकडे जाऊन उपयोग नाही, त्याचा खासदार मावळचा. निदान त्या मतदारसंघाचं नाव तरी ‘पनवेल-मावळ’ असायला हवं होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गला जोडनाव मिळालं, मग घाटाखालच्या तीन विधानसभा मतदारसंघांची ओळख नावातूनच का पुसावी?