कावळा, फांदी आणि गिअरबॉक्समधलं लाल तेल

माझ्या मेव्हण्याने गेल्या दिवाळीत एक जुनी ऑटोमॅटिक सेडान घेतली. २०१० सालची, सव्वा लाख किलोमीटर पळालेली. गाडी ठणठणीत, पण चाळीस-पन्नासच्या वेगात ॲक्सिलरेटर हलकेच दाबला की खालून थरथर यायची, रस्त्यावर बारीक खडी पसरल्यासारखी. सर्व्हिसच्या वहीत इंजिन ऑइलच्या नोंदी ओळीने होत्या, गिअरबॉक्सच्या तेलाची एकही नव्हती. गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं बदललं नाही ना, मग आता हात लावू नका. नवं तेल टाकलं की गिअरबॉक्स बसतो. माझ्याच हातून तीन गाड्या अशा गेल्यात."

हे मी पुण्यात ऐकलंय, नाशकात ऐकलंय, आणि अमेरिकेतल्या चुलतभावालाही तिथल्या मेकॅनिकने हेच ऐकवलं होतं. दोन खंडांतली माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती उडवून लावू नये. तिच्यात काहीतरी असतं, फक्त ते सांगणाऱ्याला वाटतं तिथे नसतं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे क्लचचं पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला 'ऑटोमॅटिक' म्हणतात. २०१४ साली सेलेरिओपासून जी एएमटीची लाट आली, त्या गाड्यांत साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त गिअर टाकणारा हात यंत्राचा. त्यांचा इथे संबंध नाही. मी बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, खऱ्या अर्थाने तेलावर चालणाऱ्या गिअरबॉक्सबद्दल.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एकच चालू करा. दुसरा वाऱ्याने फिरायला लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडा, की टॉर्क कन्व्हर्टरची निम्मी कल्पना हातात आली. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. मोटारीत ही युक्ती पुढे आली. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये लोखंडी जोड नाही, फक्त फिरणारं तेल. म्हणूनच सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहते आणि इंजिन बंद पडत नाही.

त्याच्या मागे असतात क्लचच्या चकत्या. एक पोलादी, एक घर्षणाचा थर चढवलेली, पुन्हा एक पोलादी, अशी चळत. घर्षणाचा तो थर कशाचा असतो? मुख्यतः कागदाचा! सेल्युलोजचे धागे रेझिनमध्ये भिजवून भाजलेले. आणि ही सगळी चळत तेलात बुडालेली. तेलाचाच दाब पिस्टन ढकलतो, पिस्टन चकत्या दाबतो, गिअर पडतो.

आता गंमत बघा. इंजिनमधल्या तेलाचं काम सरळ आहे, घर्षण कमी करायचं. इथल्या तेलाला गिअरचे दाते आणि बेअरिंगं घसरती ठेवायची आहेत आणि त्याच वेळी चकत्यांना एकमेकींना घट्ट पकडू द्यायचंय. तेही धाडकन नाही, अलगद. शाळेत गुरुजी फळ्यावर खडू विशिष्ट कोनात धरून ओढायचे आणि टक्-टक्-टक् करत आपोआप तुटक रेघ उमटायची, आठवतंय? खडू चिकटतो, हात ओढत राहतो, ताण वाढतो, खडू सुटतो, पुढे उडी मारून पुन्हा चिकटतो. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात ती हेच घडावं म्हणून. तारेवर चिकट-सुट, चिकट-सुट, आणि त्यातून सूर. व्हायोलिनमध्ये तो सूर, गिअरबॉक्समध्ये तीच थरथर.

असं का होतं? कोरड्या पृष्ठभागांचं स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असतं. कपाट हलवायला जोर लागतो, एकदा हललं की सरकतं. म्हणजे घसरण्याचा वेग शून्यापासून वाढला की घर्षण कमी होतं. घर्षणगुणक उभ्या अक्षावर आणि घसरणीचा वेग आडव्या अक्षावर घेतला तर आलेख उजवीकडे उतरतो. अशा उतारावर व्यवस्था अस्थिर असते. वेग चुकून जरासा वाढला की घर्षण घटतं, म्हणून वेग आणखी वाढतो, मग शाफ्टमधला पीळ त्याला मागे खेचतो, आणि हेलकावे विरण्याऐवजी वाढतात. अवमंदनाचं चिन्हच उलटं होतं म्हणा. आलेख उजवीकडे चढता असेल तर बरोबर याच्या विरुद्ध. वेग वाढला की घर्षण वाढतं, ते वेगाला आवरतं, हेलकावा जागीच मरतो. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर इतकंच धरा: उतार वाईट, चढ चांगला.)

हा चढ तेलात कालवावा लागतो. त्यासाठी तेलात असे रेणू घालतात ज्यांचं एक टोक पोलादाला चिकटतं आणि बाकीची लांब शेपटी बाहेर राहते. कोट्यवधी रेणू शेजारी शेजारी उभे राहिले की पोलादावर मखमलीसारखी लव उगवते, एका रेणूइतक्या जाडीची. चकत्या अगदी हळू घसरत असतात तेव्हा ही लव घर्षण खाली ठेवते. वेग वाढला की तिचा परिणाम ओसरतो आणि घर्षण चढतं. एका रेणूच्या जाडीवर दीड टन गाडीचा सुखद प्रवास अवलंबून असतो, हे मला अजूनही पूर्ण पचलेलं नाही.

आणि हे रेणू पूर्वी कुठून यायचे? देवमाशाच्या डोक्यातून. जनरल मोटर्सच्या १९६७ सालच्या मूळ डेक्सरॉन तेलात स्पर्म व्हेलचं तेल असायचं. त्यातले मेणासारखे लांब साखळीचे एस्टर या कामाला फार उत्तम, आणि उष्णतेतही टिकणारे. १९७० साली अमेरिकेने स्पर्म व्हेल संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला, ते तेल बंद झालं आणि रसायनशास्त्रज्ञांची धावपळ उडाली. तेलाची नवी पिढी आली, तिने काही गाड्यांच्या ऑइल कूलरमध्ये गंज धरवला, मग तीही सुधारावी लागली. कोकण किनाऱ्यावर 'व्हेलची उलटी' पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो ना, तो अंबर देणारा प्राणी हाच.

मखमलीची ही लव कायमची नसते. रेणू उष्णतेने आणि ऑक्सिजनने झिजतात. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. म्हणजे ९० अंशांऐवजी १२० अंशांवर तेल आठपट वेगाने म्हातारं होतं. खंबाटकीत ट्रकच्या मागे वीसच्या वेगाने चढताना कन्व्हर्टरमधलं तेल स्वतःलाच घुसळत असतं आणि ती सगळी ऊर्जा उष्णता होते. तेलात आम्लं तयार होतात, चिकट वार्निश बनतं, कागदी थराची छिद्रं बुजून तो काचेसारखा गुळगुळीत होतो. आलेखाचा चढ सपाट होतो, मग उतार. मेव्हण्याच्या गाडीची थरथर ही बहुधा त्या उताराची होती. कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच, म्हणजे वेग आल्यावर ते दोन पंखे थेट एकमेकांना जोडणारा क्लच, साधारण त्याच वेगात पकड घेतो.

'लाइफटाइम' तेल अशी एक जाहिराती जमात आहे. लाइफ कुणाचं, हे विचारायचं असतं. अनेक मोटार कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा फार तर आठ वर्षांनी तेल बदला. बंपरखाली लटकवलेली लिंबू-मिरची आपण दर शनिवारी बदलतो. गिअरबॉक्सच्या तेलाला पंधरा वर्षं हात लावत नाही.

मग गॅरेजवाल्याच्या तीन गाड्या? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, असं आपण म्हणतो. इथे मात्र तो निव्वळ योगायोग नाही. हा कावळा तडा गेलेल्या फांद्याच निवडून बसतो. दीड लाख किलोमीटर ज्याने तेलाकडे पाहिलं नाही तो ते बदलायला कधी येतो? गाडी स्लिप मारायला लागते, म्हणजे चकत्या पकड सोडून घसरायला लागतात, तेव्हा. चकत्यांवरचा कागद तेव्हा संपलेला असतो आणि तेल कागद परत उगवत नाही. महिन्याभरात गिअरबॉक्स बसतो, लक्षात राहतं ते नवं तेल.

त्याच्या म्हणण्यात खरं तेवढंही सांगतो. लव झिजलेल्या जुन्या तेलात स्थितिक घर्षण उलट वाढलेलं असतं. झिजलेल्या चकत्या आणि कडक झालेली सीलं घेऊन एखादा क्लच त्या वाढीव घर्षणावरच कसाबसा तग धरून असेल, तर ताजं तेल तो आधार काढून घेऊ शकतं. दुसरं, मशीन लावून दाबाने फ्लश केलं तर वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाचा दाब कुठल्या क्लचला द्यायचा ते ठरवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत अडकू शकतो. आणि तिसरं, जे मला सर्वांत संशयास्पद वाटतं, चुकीचं तेल. लाल रंग हा फक्त रंग आहे, गळती ओळखता यावी म्हणून घातलेला. सगळी लाल तेलं एक नसतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच हवा. 'गिअरबॉक्स टॉनिक'च्या बाटल्यांबद्दल मी न बोललेलं बरं.

म्हणून स्लिप न मारणाऱ्या, नुसत्या दुर्लक्षित गाडीसाठी रस्ता सौम्य ठेवायचा. चेंबरचा नट उघडायचा, वाहील तेवढं वाहू द्यायचं, तेवढंच नवं भरायचं. कन्व्हर्टरमधलं तेल आतच राहतं, त्यामुळे एका खेपेत सगळं बदलत नाही. समजा ४० टक्के निघालं, तर जुनं ६० टक्के उरतं. काही आठवड्यांनी पुन्हा केलं की ३६, तिसऱ्यांदा २२. फिल्टर हाती येत असेल तर तोही बदलायचा.

आम्ही दुसरं गॅरेज शोधलं. ट्रेमध्ये उतरलेलं तेल काळ्या चहासारखं होतं, पण जळका वास नव्हता. नटाच्या चुंबकावर मऊ राखाडी लेप होता. मेकॅनिकने तो बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाला, "कण लागत नाहीत, कपचे नाहीत. टाकूया." निघालेलं तेल त्याने गटारात न ओतता भंगार तेलाच्या पिंपात ओतलं, हेही नोंदवतो.

पहिल्या खेपेनंतर थरथर जेमतेम उतरली. दुसऱ्या खेपेनंतर निम्मी राहिली. तिसरी खेप पुढच्या महिन्यात आहे. मेव्हणा म्हणतो थरथर गेलीच, बहिणीला अजून जाणवते.