पू की मेइ? मँडरिन बोलणारी मुलं दोन ‘नाही’ वेगळे कसे ठेवतात

तीन वर्षांच्या मुलापुढे एक बरणी आहे आणि तिचं झाकण घट्ट बसलंय. मराठी मूल म्हणेल ‘मी उघडणार नाही’, ‘उघडली नाही’ किंवा ‘उघडत नाहीये’. तिन्हीकडे ‘नाही’ आहे, आणि कुठला अर्थ घ्यायचा ते क्रियापदाच्या रूपावरून कळतं. मँडरिन बोलणारं मूल याच तीन गोष्टी अशा सांगेल: ‘पू ता-खाय’, ‘मेइ ता-खाय’, ‘ता-पू-खाय’. ‘ता-खाय’ म्हणजे उघडणं. त्याला काळाचा प्रत्यय लागत नाही, लिंगाचा नाही की वचनाचाही नाही. ते आहे तसंच राहतं. बदलतो तो नकाराचा शब्द, नाहीतर त्याची जागा. ‘पू’ पुढे आला की ‘मला उघडायची नाही’, ‘मेइ’ पुढे आला की ‘उघडलेली नाही’, आणि ‘पू’ क्रियापदाच्या मधोमध शिरला की ‘प्रयत्न करतोय, पण जमत नाही’.

‘चिनी भाषेला व्याकरणच नसतं’ हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं आणि दर वेळी मला ते खटकतं. रूपं चालवायची नाहीत म्हणजे व्याकरण नाही असा निष्कर्ष काढणाऱ्याने या दोन ‘नाही’कडे नीट पाहावं. तीन वर्षांचं मूल तिथे जे काम करतं, ते आपल्याकडच्या ‘खातो, खाल्लं, खाणार’पेक्षा हलकं नाही.

उच्चारांबद्दल थोडं सांगते. रोमन लिपीत हा शब्द ‘बी’ अक्षराने लिहितात, पण कानाला तो मराठी ‘प’च्या जवळचा लागतो. म्हणून इथे ‘पू’ लिहिलंय. बाकीचे उच्चारही असेच अंदाजाने दिलेत, सूर (अक्षर म्हणताना आवाजाचा ठरलेला चढ-उतार) वगळून.

मँडरिन शिकणाऱ्या मोठ्यांना सुरुवातीला एक सोपा नियम सांगितला जातो: वर्तमान आणि भविष्यासाठी ‘पू’, भूतकाळासाठी ‘मेइ’. चार धडे तो चालतो, पाचव्यात फसतो. ‘काल मला जेवायचं नव्हतं’ हे स्वच्छ भूतकाळातलं वाक्य आहे, तरी मँडरिनमध्ये तिथे ‘पू’च येतो. ‘लहानपणी तो मासे खात नसे’ यातही ‘पू’च. उलट ‘उद्या या वेळेला तो अजून पोचलेला नसेल’ यात ‘मेइ’ लागतो. घड्याळाशी या दोघांचं काही देणंघेणं नाही. इच्छा, सवय, स्वभाव, स्थिती नाकारायची असेल तर ‘पू’. एखादी घटना घडली नाही, एखादा बदल झाला नाही असं सांगायचं असेल तर ‘मेइ’.

हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो विशेषणांत, कारण तिथे करणं-न करणं हा प्रश्नच नसतो. रोपाला लागलेल्या स्ट्रॉबेरीकडे बघून ‘पू होंग’ म्हटलं, तर ‘ही लाल नाही’ एवढाच अर्थ. हिरवी असेल, पांढरी असेल. ‘हाय मेइ होंग’ म्हटलं, तर ‘अजून लाल झालेली नाही’. ती लाल होण्याच्या वाटेवर आहे आणि आपण थांबलो आहोत, हे त्यात आलं. फळ तेच आणि क्षणही तोच.

मग मुलं हे शिकतात कुठून? इंग्रजी बोलणाऱ्या तीन मुलांच्या बोलण्याचा अभ्यास करून लोइस ब्लूम यांनी 1970 साली सुरुवातीच्या नकाराचे तीन अर्थ वेगळे केले: वस्तू नसणं, वस्तू किंवा कृती नाकारणं, आणि समोरच्याचं म्हणणं खोडून काढणं. मराठीने यातल्या नाकारण्याला स्वतंत्र शब्द दिलाय. ‘नको’ हा तर आपल्या मुलांच्या अगदी पहिल्या शब्दांपैकी एक. मँडरिनने वाटणी निराळी केली आहे. नाकारायचं तर ‘पू याओ’ (नको), खोडायचं तर ‘पू शर’ (तसं नाहीये), आणि वस्तू नसेल तर ‘मेइ यौ’. यातलं ‘यौ’ म्हणजे असणं, जवळ असणं. या क्रियापदाला ‘पू’ कधीच लागत नाही, ‘मेइ’च लागतो. दूध संपलं, खिशात खाऊ नाही, असं काही दिसलं की मूल ‘मेइ यौ’ किंवा नुसतं ‘मेइ ल’ म्हणतं.

म्हणजे मुलाच्या हातात पहिल्यांदा येतो तो फरक काळाचा नसतो. एका बाजूला ‘मला नको’ आणि ‘असं नाही’, दुसऱ्या बाजूला ‘इथे काही नाही’. माझ्या मते पुढची सगळी वाट इथूनच निघते. वस्तू नाही, तशी घटनाही नाही. ‘मेइ यौ नाय’ (दूध नाही) आणि ‘मेइ छर’ (खाल्लं नाही) यांच्यातलं अंतर मोठ्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकात फार दिसतं. मुलाला ते एकाच पायवाटेवरचं पुढचं पाऊल वाटत असावं. डब्यात बिस्किट नाही आणि आज जेवण झालेलं नाही, या दोन्हींत काहीतरी असायला हवं होतं, ते नाहीये.

घरातली मोठी माणसंही नकळत मदत करतात. मँडरिनमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’साठी सगळीकडे चालेल असा एकेक शब्द नाही. प्रश्नातलं क्रियापद उचलून उत्तर द्यावं लागतं. प्रश्नही बहुधा दोन्ही पर्याय पुढे ठेवतो: ‘छर पू छर?’ (खातोस की नाही खात?), ‘छर-वान ल मेइ यौ?’ (खाऊन संपलं की नाही?). पहिल्याचं नकारार्थी उत्तर ‘पू छर’, दुसऱ्याचं ‘हाय मेइ’. कुठला ‘नाही’ वापरायचा ते प्रश्नानेच सांगितलेलं असतं. एका जेवणात आई असे किती प्रश्न विचारत असेल याचा विचार केला, की दोन-अडीच वर्षांच्या मुलाला हे दोन शब्द वेगळे ठेवता येतात याचं आश्चर्य कमी होतं. कौतुक मात्र कमी होत नाही.

वरच्या प्रश्नात ‘ल’ आला आहे, तो सोडून पुढे जाता येत नाही. क्रियापदाला लागणारा ‘ल’ घटना पूर्ण झाल्याचं सांगतो: ‘छर ल’ म्हणजे खाल्लं. ‘खाल्लं नाही’ म्हणताना ‘मेइ’ येतो आणि हा ‘ल’ जातो. परदेशी विद्यार्थी हमखास ‘मेइ छर ल’ म्हणतात आणि शिक्षक हमखास थांबवतात. भाषाशास्त्रज्ञ विल्यम वांग यांनी 1965 साली याचं एक सुंदर स्पष्टीकरण मांडलं: ‘मेइ यौ’मधला ‘यौ’ आणि होकारार्थी वाक्यातला ‘ल’ ही एकाच व्याकरणिक घटकाची दोन रूपं आहेत. एक आला की दुसऱ्याचं काम उरत नाही. तैवानच्या मँडरिनमध्ये तर स्थानिक मिन भाषेच्या प्रभावामुळे ‘यौ छर’ (खाल्लंय) असंही लोक म्हणतात. तिथल्या मुलांच्या कानावर ‘यौ’ आणि ‘मेइ यौ’ ही जोडी उघडपणे पडते.

‘पू’चं ‘ल’शी असं भांडण नाही, कारण वाक्याच्या शेवटी येणारा ‘ल’ वेगळा आहे. तो परिस्थिती बदलल्याचं सांगतो. ‘पू छर ल’ म्हणजे ‘आता बास, खात नाही’. आधी खात होतो, आता नाही. पोट भरलेल्या मुलाच्या तोंडी हे वाक्य रोज असतं.

सुरांची गोष्ट थोडक्यात. ‘पू’ मुळात उतरत्या सुराचा आणि ‘मेइ’ चढत्या. पण पुढचा शब्दही उतरत्या सुराचा असेल तर ‘पू’ चढतो, आणि ‘पू याओ’, ‘पू शर’ या मुलांच्या सगळ्यात वापरातल्या दोन्ही जोड्यांत नेमकं तेच होतं. चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्पसन यांनी 1977 साली तैपेईतल्या मुलांबद्दल लिहिलं, की व्यंजनं नीट बसण्याआधीच सूर बसतात. त्यामुळे ही अडचण आपल्याला मोठी वाटली तरी त्यांना तितकी वाटत नाही.

आता मोजमापाबद्दल, कारण पालकांची आणि कधीकधी तज्ज्ञांचीही इथे फसगत होते. रॉजर ब्राउन यांनी 1973 साली इंग्रजी मुलांच्या वाढीच्या पायऱ्या ठरवताना वाक्याची सरासरी लांबी हे माप वापरलं. शब्दांबरोबर प्रत्ययही मोजले जात, म्हणून प्रत्यय वाढले की लांबी वाढे. ते माप मँडरिनला लावलं तर ‘पू छर’ही दोन आणि ‘मेइ छर’ही दोन. मुलाने एक मोठी पायरी चढलेली असते आणि मापात काहीच हललेलं दिसत नाही. लांबी मोजू नये असं मी म्हणत नाही, पण एवढ्यावर ‘वाक्यं छोटी आहेत, मूल मागे आहे’ असं ठरवणं चुकीचं आहे. त्यातून मँडरिनमध्ये संदर्भाने कळणारा कर्ता आणि कर्म मोठी माणसंही गाळतात. भाषाशास्त्रज्ञ चाओ युआन-रन यांनी 1951 साली आपल्या 28 महिन्यांच्या नातीच्या बोलण्याचं वर्णन केलं, ते त्या बोलण्याला स्वतःची व्यवस्था आहे असं मानून. मुलांची भाषा तपासताना ती दृष्टी ठेवली तर बरंच काही दिसतं. सिंगापूर-शांघायकडे राहणाऱ्या आणि मूल मँडरिन बालवाडीत घालणाऱ्या मराठी आईबाबांनाही मी हेच सांगेन: शब्द किती ते नंतर मोजा, ‘पू’ कुठे आणि ‘मेइ’ कुठे ते आधी ऐका.

चीनमधल्या बालवाडीत साधारण तीन ते सहा वर्षांची मुलं लहान, मधल्या आणि मोठ्या वर्गात असतात. या काळात दोन्ही ‘नाही’ नव्या ठिकाणी जायला लागतात. ‘पू कान’ म्हणजे धाडस होत नाही, तर ‘मेइ कान’ म्हणजे त्या वेळी धाडस झालं नाही. ‘मी कप फोडला नाही’ हे सांगताना ‘पा’ हा शब्द कर्माला क्रियापदाच्या आधी आणतो आणि ‘मेइ’ला त्याच्याही आधी उभं राहावं लागतं: ‘वो मेइ पा पेइत्स ता-फो’. नकार ज्या क्रियापदाचा आहे त्याच्यापासून लांब गेला, तरी अर्थ सुटू द्यायचा नाही. याहून अवघड ‘तौ’ची जागा. ‘तौ’ म्हणजे सगळे. ‘तौ पू शर होंग त’ म्हणजे एकही लाल नाही. ‘पू तौ शर होंग त’ म्हणजे सगळीच लाल नाहीत, काही आहेत. मराठीत ‘सगळी लाल नाहीत’ एवढ्यावर दोन्ही अर्थ निघू शकतात आणि आपण ‘सगळीच’ किंवा ‘एकही’ घालून ते फोडतो. मँडरिनमध्ये नवा शब्द लागत नाही, दोन अक्षरांची अदलाबदल पुरते.