अतिथंड अणूंची न तुटणारी धार

चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात एक नोंद आहे: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. त्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) काळाचं बारीक माप म्हणून ‘त्रुटी’ येते, सेकंदाचा सुमारे ३३,७५०वा भाग. खान्देशातल्या पोरांना अणुघड्याळ शिकवायचं तर इथूनच सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.

इतका बारीक काळ मोजणारं अणूंचं घड्याळ १९५५ मध्ये इंग्लंडात लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी चालवून दाखवलं. भट्टीतून निघालेले सीझियमचे अणू निर्वात नळीतून सलग वाहत. १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच सीझियमवर ठरली: त्याच्या अणूच्या ठरावीक प्रारणाची ९ अब्ज १९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलनं. झोत अखंड होता, पण अणू सेकंदाला शंभर मीटरहून जास्त वेगाने पळत. नीट निरखायला सवडच मिळेना.

मग आली लेसरने अणू थंड, म्हणजेच संथ, करायची युक्ती. विल्यम फिलिप्स यांनी सोडियमचा झोत समोरून लेसर टाकून संथ केला, १९८५ मध्ये स्टीव्हन चू यांच्या गटाने अणू २४० मायक्रोकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, आणले, आणि १९९५ मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांच्या गणितातून निघालेलं बोस-आइनस्टाइन संघनित, म्हणजे अतिथंड अणू मिळून एकाच लाटेसारखे वागतात ती अवस्था, हाती आलं.

पण सलगपणा गेला. अणू गोळा करा, थंड करा, मोजा, की ते हातचे जातात, पुन्हा पहिल्यापासून. गिरणेच्या पाटाला आवर्तन सुटतं तसंच हे. दोन आवर्तनांच्या मधल्या वेळात अणूंशी ताडून पाहायचा घड्याळाचा लेसर कसा ढळला ते कळत नाही, आणि तो गोंधळ थेट मोजमापात उतरतो.

मग सगळं एकदम का करू नये? अडचण खरी आहे. अणू थंड करणारा प्रकाशच संघनिताचा वैरी. एका फोटॉनचा, म्हणजे प्रकाशकणाचा, धक्काही तिथल्या अणूला बाहेर फेकायला पुरे.

ॲमस्टरडॅममधल्या फ्लोरियन श्रेक यांच्या गटाने यावर फार सुंदर तोड काढली. स्ट्रॉन्शियमचे अणू एका जागी टप्प्याटप्प्याने थंड करण्याऐवजी प्रत्येक टप्प्याला वेगळी जागा दिली. आधी ४६१ नॅनोमीटरचा जोरकस निळा प्रकाश, पुढे ६८९ नॅनोमीटरचा हळुवार लाल. संघनित जिथे जमतं तिथे आणखी एक लेसर अणूंच्या ऊर्जापातळ्या सरकवतो, त्यामुळे लाल प्रकाश त्यांना भिडतच नाही. २०२२ मध्ये त्यांचं संघनित सतत भरत, टिकत राहिलं. त्यातून अणूंची सलग धार बाहेर काढणं ही त्यापुढची पायरी. ती साधली तर घड्याळांबरोबरच अणूंच्या लाटा एकमेकींवर पाडून गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या अणु-व्यतिकरणमापकांनाही मधल्या खंडाशिवाय मोजता येईल.