पाणी किती, याआधी ठरवलं कुणी?

नदीच्या पाण्यावरून वाद होतो तो ‘कुणाला किती’ यावर. ‘हे ठरवलं कुणी आणि कसं’ हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन थिबॉ आणि कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ मध्ये न्यायनिवाड्यावरचे आपले प्रयोग मांडले. आपली बाजू मांडायला मिळाली, तर निकाल विरोधात गेला तरी माणसाला तो जास्त न्याय्य वाटतो, असं त्यांत दिसलं.

पाण्याच्या बाबतीत तर माणसं मुळात सारख्या जागी उभीच नसतात. वरच्या अंगाचा शेतकरी दार उघडून भिजवून मोकळा होतो. टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, पाळीची वाट बघत बसतो.

बालीतल्या भातखाचरांकडे जाणाऱ्या पाटात लाकडाचा आडवा ओंडका बसवत. त्याला वरून खाचा कोरलेल्या. खाचांचा तळ एका पातळीत, रुंदी मात्र ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे. पाणी वाढलं तर सगळ्यांचं वाढतं, आटलं तर सगळ्यांचं आटतं. कुणी खाच रुंदावली, तर ते पाटावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसेल. अशा नियमावर विश्वास ठेवणं सोपं जातं.

पण वरचा शेतकरी तरी खालच्याचं का ऐकतो? तिथे याचं एक कारण कीड आहे. मोठ्या पट्ट्यातली भातं एकाच वेळी निघाली आणि रानं एकदमच मोकळी राहिली, की किडीची उपासमार होते. त्यासाठी खालच्यालाही वेळेवर पाणी मिळायला हवं. १९७० च्या दशकात सरकारी आग्रहाखातर जो तो आपापल्या सोयीने लावणी करू लागला, तेव्हा किडीने पिकं फस्त केली.

याउलट अमेरिकेतली कोलोरॅडो नदी. १९२२ च्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी सुमारे ९२५ कोटी घनमीटर, असे ठोक आकडे लिहिले गेले. हिशेबाला धरलेली वर्षं नेमकी भरपूर पाण्याची होती. पुढे नदीत तेवढं पाणी येईना. खोऱ्यातल्या मूळ रहिवासी जमातींना तर त्या बोलण्यांत जागाच नव्हती. ही चूक आकड्यांच्या चुकीपेक्षा मोठी, असं मला वाटतं.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय भरतं. न्यायाधीश म्हणजे शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले आठ कालव्यांचे प्रतिनिधी. वकील नाही, सगळं तोंडी, चारचौघांसमोर. आणि ज्या कालव्यावरची तक्रार असेल, त्याचा प्रतिनिधी त्या निकालात भाग घेत नाही.