इंजिन बदलायचं की आहे तेच ट्यून करायचं?

जीपला दम नाही म्हणून गाडी वागळे इस्टेटच्या किंवा तुर्भ्याच्या एखाद्या गॅरेजात लावली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो मॅप मारून घे (म्हणजे इंजिनाचं डिझेलचं गणित बदलून ट्यून कर), दुसरा म्हणतो सरळ मोठं इंजिन बसव. दोन्हींनी ताकद वाढते खरी, पण कामं अगदी वेगळी आहेत. ट्यूनिंगमध्ये डिझेल किती, कधी आणि किती हवेबरोबर जळायचं एवढंच बदलतं, लोखंड तेच राहतं. स्वॅपमध्ये, म्हणजे इंजिनच बदलण्यात, क्लचपासून वायरिंगपर्यंत सगळंच हलतं. म्हणून आधी बघायचं ते हे, की गाडी नेमक्या किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) दम सोडते.

कसारा घाटात भरल्या गाडीला २,०००-२,५०० आरपीएमवरही ओढ नसेल, आणि फिल्टर, नोझल, टर्बोचे होस तपासून झाले असतील, तर ट्यूनिंगला अर्थ आहे. पण पावसाळ्यात दगडावर चढताना गाडी हजारच्या आसपास बंद पडत असेल तर मॅप मारून हाती फारसं काही लागत नाही. तेवढ्या आरपीएमला टर्बो हवा भरतच नाही, आणि हवेशिवाय डिझेल वाढवलं की काळा धूर निघतो. तिथे दोष बहुतेक वेळा गिअरिंगचा असतो. मोठे टायर टाकले आणि ॲक्सलचा रेशो तोच ठेवला की लो रेंजचा (फोर-व्हीलच्या सावकाश पण जोराच्या गिअरचा) काही फायदा टायरच खातात.

इथे स्वॅपवालेही फसतात. जुन्या थार डीआयचं (साध्या डिझेल पंपाचं) इंजिन ६३ बीएचपी आणि १८२.५ न्यूटन-मीटरचं, थार सीआरडीईचं (इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल डिझेलचं) १०५ बीएचपी आणि २४७ न्यूटन-मीटरचं. कागदावर फरक दणदणीत आहे. पण डीआयचा पूर्ण टॉर्क १,५०० पासून मिळतो, सीआरडीईचा १,८०० पासून. हायवेवर सीआरडीई कितीतरी पुढे, मात्र चिखलात हळूहळू सरकताना म्हातारं डीआय वाटतं तेवढं बिचारं नाही. शिवाय त्यात भिजून रुसणारं इलेक्ट्रॉनिक्सही कमी.

ट्यूनिंग ठरलं तर पहिली पायरी कॉम्प्रेशन टेस्ट. चारही सिलिंडर मोजा. त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, किंवा चालू इंजिनचं ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभक धूर येत असेल, तर थांबा. त्या इंजिनला आधी इंजिनकाम हवं, ट्यूनिंग नंतर. मेकॅनिकल रोटरी डिझेल पंपावर फुल-लोडचा (जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेराच आत घ्या, लॉकनट आवळा, आयडल वाढलं असेल तर परत जागेवर आणा आणि चढावर गाडी चालवून धूर बघा. मग पुढचा अष्टमांश. पंपाचं सील तुटलं की गळती आणि बिघाड दोन्ही ओढवतात, म्हणून हे काम डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या.

सीआरडीईमध्ये दोन वाटा आहेत. प्लग लावून मिळणारा ट्यूनिंग बॉक्स रेल प्रेशर सेन्सरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणाऱ्याचा) सिग्नल कमी दाखवतो. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं दाब कमी आहे, म्हणून ते दाब वाढवतं. स्वस्तात होतं, पण जास्तीचा भार हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर सोसतात, तेही ईसीयूच्या नकळत. रिमॅप, म्हणजे ईसीयूतला प्रोग्रॅमच बदलणं, हे त्याहून नीट काम, अट एवढीच की आधी तुमच्याच गाडीची मूळ फाइल वाचून जपून ठेवली जावी आणि धुराची व टॉर्कची मर्यादा उडवली जाऊ नये. मूळ टर्बोवर १५-२० टक्क्यांच्या पुढे जायचा मोह टाळा. आधी क्लच घसरतो, मग पिस्टनची पाळी येते. टर्बोच्या अलीकडे मॅनिफोल्डमध्ये एक्झॉस्ट तापमानाचा प्रोब बसवा आणि लांब चढावर काटा ७०० अंश सेल्सिअसच्या वर टिकू लागला की पाय काढा. पाण्याचा काटा हे सांगत नाही, तो गरम होईपर्यंत उशीर झालेला असतो.

स्वॅपमध्ये इंजिन मिळवणं हा सोपा भाग. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात किंवा कळंबोलीला मिळेलही, पण इंजिन नंबर खाडाखोड न झालेला आणि बिल पक्कं हवं. कॉमन रेल इंजिन असेल तर ईसीयू, पूर्ण हार्नेस (वायरिंगचा जुडगा), ॲक्सिलरेटर पेडल आणि इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या लॉकची) चावी एकाच गाडीची घ्या. पेडल वेगळ्या गाडीचं निघालं म्हणून आठवडे रखडलेल्या गाड्या गॅरेजांत कायम दिसतात.

पुढची अडचण ॲक्सलची. लीफ स्प्रिंगच्या गाडीत पुढचा डिफरन्शियल खड्ड्यात वर येतो आणि नव्या इंजिनच्या ऑइल संपला (तळाच्या ऑइलच्या भांड्याला) आपटतो. माउंट वेल्ड करण्याआधी ॲक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत (वरची हद्द अडवणाऱ्या रबरापर्यंत) उचलून जागा बघा. बेलहाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाची) ॲडॉप्टर प्लेट रबाळ्याच्या लेथवर होते, पण मध्य डायल गेजने तपासा. ०.१ मिमीच्या वर सरकला की पायलट बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट लवकर जातो. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप (बऱ्याचदा अल्टरनेटरला जोडलेला) विसरलात तर ब्रेक लाकडासारखा कडक लागेल. जुना रेडिएटर शहरात चालतो, लो रेंजमध्ये अर्धा तास सरकलात की उकळतो.

कागदांचं बघा. स्वॅपने इंजिन नंबर बदलतो, तो आरसीवर चढायला हवा, नाहीतर इन्शुरन्सच्या क्लेमला गाडी उघडी पडते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नमुन्यापासून वेगळे बदल रोखतं, आणि परवानगीविना बदलाला कलम १८२अ खाली बदलागणिक ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. पेट्रोल जिप्सीत डिझेल बसवणं म्हणजे इंधनच बदलणं, ते प्रकरण जड. ट्यूनिंगमध्ये नंबर तोच राहतो म्हणून सुटलो असं नाही. पीयूसीत बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) आहे, त्याआधीच्या गाड्यांना ६५. बीएस-६ गाडीत जास्त काजळीने डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर) तुंबतो, आणि तो पोकळ करणं सरळ बेकायदा.

आरटीओतून मंजुरी, मग ठाण्याचं एमएच-०४ असो की वाशीचं एमएच-४३, जुने माउंट कापण्याआधी घ्या. आणि वेल्डिंगची ठिणगी चासी नंबराजवळ जाऊ देऊ नका. तो पुसट झाला तर तपासणीत इंजिनपेक्षा त्याचीच जास्त चौकशी होते.